पस्तीस टक्के

रेइयो म्हणतो, आधी हात दाखव.
अंगठी काढ. घड्याळ काढ.
बाहेर उणे चार, तरी शेडचं दार सताड.
तोर्निओ नदीवरचा वारा आत शिरतो,
आमच्या पाठीला लागून पलीकडच्या दाराने निघून जातो.
वारा पाठीशी हवा. तोंडावर आला तर आजचं काम बंद.

तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला माणूस.
एक्स्चेंज मोडलं तेव्हा निरोपाची भेट म्हणून
त्याने भंगारातली कार्डं मागून घेतली.
काठांवर ओळीने पिवळे दात.
हिल्कामावशी म्हणायची, रेइयोची कवळी.

बाटली सावलीत, प्लास्टिकच्या ताटात, एकटी.
लाकडाच्या फळीवर नाही, थिनरच्या शेजारी तर नाहीच.
टोपणाला तिची तिची बारीक वाट.
"तिला श्वास सोडायचा असतो," तो म्हणतो.
एका जूनमध्ये, सूर्य मावळायचं विसरतो त्या दिवसांत,
उरलेलं त्याने सरबताच्या बाटलीत भरलं
आणि झाकण घट्ट फिरवलं.
पत्र्याला अजून खोक आहे.
बुजवलेली नाही.
पाऊस आला की खाली बादली ठेवतो.

दिसायला पाणी. वासही जवळजवळ नाही.
हातमोज्याला एक भोक, एक थेंब,
आणि बोटाचं टोक खडूसारखं पांढरं.
पाव तास नळाखाली हात धरून तो उभा होता,
शिव्या देत; त्या शिव्या मला शिकवल्या नाहीत,
पाव तास तेवढा शिकवला.

आधी पाणी मोजायचं: डिस्टिल्ड, अकरा मापं.
मग त्यात हे, एक माप.
उरलेलं मूळ बाटलीत परत ओतायचं नाही, कधीच.
"पण सरळ ओतलं तर लवकर होईल ना?"
तो उत्तर देत नाही.
खिशातून हिल्कामावशीची डबी काढतो,
लाल मखमलीची, कानातल्यांची.
मी सोनं बघायला वाकते.
आत जळक्या चिंधीचा तुकडा.
दुपारी तिने थेंब पुसले होते, चिंधी कचऱ्यात टाकली होती;
रात्री जेवताना आम्हाला धुराचा वास आला,
एवढंच सांगतो, आणि डबी मिटतो.

आम्लात कार्डं आडवी झालेली.
मी ड्रॉपरने थोडंसं सोडते. थांबते.
बुडबुडे. थांबते.
थांबणं हाच या कामातला मोठा भाग आहे,
आणि तो मला जमत नाही.
द्रव हिरवा होतो, तळ्यावरच्या शेवाळासारखा.
"आता पुरे. पुढचं हवेला करू दे."
मेलेल्या माशांच्या टाकीतला पंप
बादलीत हळूहळू फुरफुरू लागतो.

चौथ्या दिवशी तांब्याने हात सोडले.
पिवळे पापुद्रे तरंगत वर आले,
सालीसारखे, श्वासाने हलतील इतके.
माझा श्वास मास्कमध्येच राहिला.
किती असेल? बाजरीचा एक दाणा, फार तर.
या दातांवरून किती लोकांचे निरोप गेले असतील,
कुणी मेल्याचे, कुणी रेल्वेने येत असल्याचे.
तेवढ्यांचा मिळून एक दाणा.

हिरवं पाणी नदीकडे जात नाही.
जुने खिळे टाकून तांबं खाली बसवायचं,
उरलेलं कॅनमध्ये, कॅनवर नाव आणि तारीख;
नगरपालिकेची गाडी गुरुवारी येते.
नदीत सॅमन आहेत, तो म्हणतो,
त्यांनी फोन वापरला नव्हता.

मी डोळ्यांवरचा चष्मा वर सरकवायला जाते.
"थांब," रेइयो म्हणतो.
"आधी हात धू."