नमुना क्रमांक चार

पुण्याहून निरोप: काम पाठवा,
चारच तुकडे, दोन-दोन मिनिटांचे.

पहिला डेअरीच्या जाहिरातीचा;
म्हैस खरी, घंटा कीबोर्डवरची.
दुसऱ्यात भाळवणीचं बँडपथक. क्लॅरनेट उतरलं होतं,
मी सुरात आणलं.
इलाहीभाई ऐकून म्हणाले, हा मी नव्हे.
तिसरा बरा आहे.

चौथा सापडेना.
विट्यात माग रात्रीही चालतात.
भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले, गोधड्या टांगल्या,
तरी प्रत्येक गाण्याच्या तळाशी
खटक-फटक, खटक-फटक,
आणि मी पुसत बसलेली, नऊ वर्षं.

मग एक फाइल, बिननावाची.
माईक चुकून चालू राहिलेला.
माग, माग, माग…
लाइट गेली.
अख्खी गल्ली गप्प, आणि त्यात
कांडी भरणाऱ्या सुगंधाकाकूंची ओवी,
मागांच्या वर जावी म्हणून चढवलेली,
एकटीच उघडी पडलेली.
त्यांच्या ध्यानात येतं. थांबतात.
हसतात, खाकरतात.

एकोणतीस सेकंद.
काहीच पुसलं नाही.

'कलाकार' या रकान्यात
काय लिहावं कळेना, तेव्हा
चप्पल घालून खाली उतरले,
काकूंचं आडनाव विचारायला.