नोंदवही

भातसानगर. अवसेची रात्रपाळी.
"वामी उतरायला लागल्यात," चांगुणा वाघे म्हणाली,
"खारं पाणी गाठून वितात. मग मरतात."
मी म्हटलं, मरायचंच तर घाई कसली?
ती हसली नाही.
मागच्या साली टर्बाइनखालून निघालेले तुकडे
तिनेच पाटीत भरले होते.
मोजले होते. खाल्ले नव्हते.

मी चाक फिरवलं.
घरघर उतरत उतरत गप्प झाली.
बगलेचं दार वीतभर उघडलं.
आधी काहीच नाही,
मग हातभर काळोख
दुसऱ्या काळोखातून सुटला,
मग आणखी एक.
चांगुणा पेरांवर मोजत राहिली,
अठराला थांबली.

नोंदवहीत लिहिलं:
यंत्र बंद, बावीस मिनिटं.
कारण: जाळीत कचरा.

'कचरा' लिहिताना
पेन जरा अडलं.