खिळा ठोकू नये

पावणेसहाला जिन्याखाली हात घातला
तर हाताला नुसता गारवा लागला.
हिरवी लेडीज सायकल, डाव्या पायडलचं रबर गेलेलं,
शिरपूरच्या बाजारात अठराशेला घेतलेली.
साखळी तेवढी ठेवून गेला होता, कापून,
दोन्ही तुकडे नीट शेजारी शेजारी,
जेवण झाल्यावर ताटात चमचे ठेवावेत तसे.

त्या दिवशी देवपुरात आठ घरी
उपाशीपोटी माणसांचं रक्त घ्यायचं होतं.
नळ्यांचा डबा काखेत, मी चालत.
चौथ्या घरचे बाबा म्हणाले,
तुनी वाट दखी दखी चहा पी लिधा, माय.
म्हणजे उद्या परत. म्हणजे उद्याही चालत.

भिकन अण्णा, घरमालक, ओट्यावर दात घासत होते.
फेस न थुंकताच म्हणाले,
तुन्ही सायकल राखाले मी बठेल शे का?
फाटकाची कडी गणपतीपासून तुटलेली.
ते त्यांना सांगितलं होतं.
ते त्यांना परत सांगितलं.
त्यांनी चूळ भरली.

रात्री ट्रंकेतून करारनामा काढला, अकरा महिन्यांचा.
कलम चार, पाण्याची मोटर.
कलम सात, भिंतीला खिळा ठोकू नये.
कलम नऊ, रंग उडाल्यास अनामत रकमेतून कापण्यात येईल.
सायकल हा शब्द शोधला.
जिना हा शब्दसुद्धा नव्हता.
मग आपण भाडं देतो ते नेमकं कशाचं,
असं नसीमभाभी म्हणाली आणि दाताने दोरा तोडला.
गोधडीचं एक टोक तिच्या मांडीवर, दुसरं माझ्या.

ठाण्यात हवालदारानं विचारलं, बिल?
बाजारात बिल कोण देतं, साहेब.
फ्रेम नंबर?
सायकलला नंबर असतो हे मला त्या टेबलापाशी कळलं.
तीन वर्षं मी तिच्यावर बसत होते,
तो माझ्याच खाली कोरलेला होता.

वरच्या खोलीतली सुरमी पावरा सोबत आली होती.
नर्सिंगची मुलगी, कमी बोलते.
ती म्हणाली, ताई, अण्णांचा तो मेसेज.

जून महिन्यातला. मी रागानं पुसायचा राहिलेला.
"हॅन्डल घासून भिंत खराब केली. पाचशे कापीन."
आणि पुराव्यादाखल अण्णांनीच काढलेला फोटो:
भिंतीवर काळा ओरखडा,
त्याला टेकून माझी सायकल, पूर्ण, उन्हात.
सुरमीनं दोन बोटांनी फोटो ताणला.
ओरखडा मोठा झाला, मग सीट, मग सीटखालची नळी,
आणि नळीवर सहा आकडे. शेवटचा तीन की आठ,
त्यावर आम्ही तिघं वाकलो.
हवालदारानं चष्मा पुसला. आठ, तो म्हणाला,
आणि अर्जावर आमच्या साहेबांच्या अक्षरापेक्षा बऱ्या अक्षरात लिहिला.
पोच मागितली. शिक्का मारून दिली.

सायकल मिळाली का, असं सगळे विचारतात.
नाही.

पण रविवारी देवचंद सरांनी गावाहून
बैल बांधायची जुनी लोखंडी कडी आणली.
चार खोल्यांचे मिळून पावशेर सिमेंट लागलं,
नसीमभाभीचा मुलगा वाळू चाळत होता.
जिन्याखाली जमिनीत पुरली ती आम्ही.
अण्णा आले, बघितलं, कलम सात म्हणाले.
सर म्हणाले, अण्णा, ही जमीन आहे. कलम भिंतीचं आहे.
अण्णांना हसू आलं की ठसका, कळलं नाही.
सोमवारी फाटकाला नवी कडी होती.
भाड्यात धरणार का, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

मी चालते. पांझरेच्या पुलावर
हिरवी सायकल दिसली की पाय आपोआप मंदावतात,
मालक चहाला उतरला असेल तर मी वाकते,
सीटखाली बघते,
चप्पल सारखी केल्यासारखं करत.
सहा आकडे. शेवटचा आठ.
आईचा फोन नंबर मला पाठ नाही.
जिन्याखाली कडी रिकामी आहे,
तिच्यात काल कुणीतरी
मांजराचं पिल्लू बांधलं होतं.