अकरा थर

तोमर मॅडमनी ब्लेडने खरवडला
जिन्यालगतचा कोपरा,
नखाएवढी खपली तळहातावर घेतली,
चष्मा कपाळावर चढवून मोजले थर. अकरा.

वरचा बदामी, सुवर्णमहोत्सवातला.
त्याखाली पिस्ता. त्याखाली तो निळा,
लष्करातल्या दुकानदाराने उरलेला म्हणून स्वस्तात दिलेला
(पावती अजून माझ्याच फायलीत आहे).
सातवा हिरवा मी लगेच ओळखला.
चौथीत असताना त्यावर कर्कटकाने
माझं नाव कोरलं होतं, आडनावासकट.

खपली मैदानात नेली. काडी लावली.
मला वाटायचं भिंत म्हणजे भिंत,
ग्वाल्हेरचा दगड, त्यात जळायचं काय?
ती वळली, फुगली, थेंब थेंब गळाली,
धूर घशात येऊन बसला.
"साठ साल से आप दीवार पर रंग नहीं,
ईंधन चढ़ा रहे हैं,"
मॅडम म्हणाल्या, आणि जिन्याकडे पाहिलं.
एकच जिना. वरच्या मजल्यावर पहिली ते तिसरी.

नोटीस आली : बाहेर पडायच्या वाटेवरचे
जुने थर काढा, ज्वाला न पसरवणारा रंग द्या,
दाखला जोडा.
चिटणीस दिघे म्हणाले, पण ऑइल पेंट पुसता येतो हो.
पेंटवाल्याने किंमत सांगितली,
डब्याची नाही, दाखल्याची.

तेव्हा रामसेवक, आमचा निवृत्त शिपाई,
पेन्शनच्या कागदावर अंगठा टेकवता टेकवता म्हणाला,
चूना पोत दो. वो तो भट्टी में
एक बार जल के ही आता है.

जन्मभर ऐकत आले :
चुना लावला, म्हणजे फसवलं.

मेमध्ये बावीस दिवस खरवडणं चाललं.
पोत्यांतून रंगीत साली गेल्या.
माझं नाव शोधलं. सापडलं नाही.
पिंपात चुना विरघळत होता,
खाली विस्तव नसताना खदखदत,
राहिलेली धग तिथेच संपवून टाकत.

मॅडमनी भिंतीवर बोट फिरवलं,
पांढरं झालेलं बोट साडीला पुसलं,
आणि सही केली.

जूनमध्ये पहिलीच चिठ्ठी आली, सानिका बिडवेच्या आईची :
रोज खांदा पांढरा करून येते,
गणवेश धुऊन धुऊन विटला,
शाळेने काहीतरी करावं.

मी ती पंच करून लावली
अग्निसुरक्षेच्या फायलीत,
दाखल्याच्या जागी.