खडूची फुली

उद्यमनगरात तेवीस वर्षं मी
ओतकामावर खडूनं फुल्या मारल्या.
पंपाचं हाउसिंग असो, पुली असो,
हातोडीची एक टिचकी
आणि कान.
बद्द वाजलं की फुली,
पुन्हा भट्टीत.

म्हणून पहिला कागद हातात आला तेव्हा
मला फारसं नवल वाटलं नाही.
राजारामपुरीतल्या थंडगार खोलीत
एका पोरानं माझ्या पोटाचे काप पडद्यावर लावले:
स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ,
साडेतीन सेंटिमीटर.
डोळे आधीच हळदीचे झालेले,
पँटच्या पट्ट्याला तिसरं भोक पाडलेलं.
कागदावर 'संशय' असा एक शब्द होता,
तो कुणी वाचलाच नाही.
मीही.

शालन म्हणाली, मिरजेला दाखवूया.
मी म्हणालो, कशाला, बद्दच वाजतंय.

मग आवराआवर काढली.
व्हर्नियर इलाही मुजावरला दिला,
मायक्रोमीटरही, लाकडी पेटीसकट.
धाकट्या भावाशी अकरा वर्षांनी बोललो,
गगनबावड्याच्या वाटणीवर सही करून टाकली.
सुभाषनगरात कापशी जोड करायला टाकला होता,
नको म्हणून कळवलं.
करकरायला लागेपर्यंत मी कुठला राहतोय?

माणसं यायची.
पलंगावर, पायाशी टेकून बसायची.
कुणी शहाळं आणायचं, कुणी अंगारा,
कुणी नुसताच हात हातात घेऊन बसायचं.
माझ्या पेल्यातलं उरलेलं पाणी
गल्लीतला मारुतराव बोलता बोलता पिऊन गेला.

सीपीआरमधल्या मगदूम बाई
बोलताना चष्मा पुसतात.
"तुकडा बघितल्याशिवाय पोट उघडायचं नाही," म्हणाल्या.
घशातून नळी, नळीतून सुई,
तांदळाच्या कणीएवढं काहीतरी बाटलीत.
नऊ दिवस.
त्या नऊ दिवसांत मला लाज वाटली, खरं सांगतो.
न कापता, नुसत्या कानावर,
मी किती फुल्या मारल्या असतील.

दहाव्या दिवशी बाई म्हणाल्या, टीबी आहे.
स्वादुपिंडाचा. क्वचित होतो.
फुप्फुसं स्वच्छ आहेत, कुणाला लागायचा नाही.
गोळ्या मात्र एक दिवस चुकवायच्या नाहीत.
शालन पायरीवर बसून हसत सुटली,
मग रिक्षावाल्याशी भांडली,
दहा रुपयांवरून, पार बिंदू चौकापर्यंत.

ही बातमी गल्लीत पेढ्यासारखी वाटायला गेलो
तर खुर्च्या सरकल्या.
जेमतेम दोन इंच.
मोजायची सवय आहे मला.
मारुतरावांकडं चहा आला कागदी कपात.
"फुप्फुसाचा नाही हो," मी म्हणायचो.
"हां हां," म्हणायचे, रुमालातून.
गाठ तीच, साडेतीन सेंटिमीटर.
नाव तेवढं बदललं होतं.

आता लघवी केशरी होते,
बनियनवर घामाचा डागही केशरी.
वजन सत्तेचाळीस, एकोणपन्नास, साडेपन्नास.
पट्टा एक भोक मागं आलाय.
वाटणीची सही काही परत मागितली नाही.
भाऊ सोमवारी फोन करतो, वजन विचारतो, ठेवतो.
कापशी जोड दुसऱ्याच कुणी नेला,
कुठंतरी करकरत असेल.

परवा इलाही आला.
पेटी टेबलावर ठेवली,
माझा पेला उचलून घटाघटा पाणी प्याला.
"झिरो सरकलाय ह्याचा, सर्जेराव.
तूच बघ बाबा, मला नाही जमत."

मी जबडे मिटवले, उजेडात धरला.
सरकला नव्हता.