बॅच ०४१७

दर सहा महिन्यांनी आम्ही खोटंखोटं घाबरतो.
पावणे एमआयडीसी, सकाळचे दहा,
तांडेल मॅडम फळ्यावर लिहितात :
लसूण चटणी, ०४१७, सगळा माल परत.
चार तास.

चटणीला काहीच झालेलं नसतं.
तरी वत्सलाबाई मिरचीची पावती शोधतात,
इरफान चलनं उलगडत बसतो,
मी कोपरखैरण्याच्या दुकानदाराला फोन लावते.
"काय झालं, मेलं का कोणी?"
"नाही हो, सराव आहे."
"मग ठेवतो, गिऱ्हाईक उभंय."

दोन वाजता सहाशे चाळीसपैकी
सहाशे अडतीस बरण्या कागदावर परत येतात.
एक शिळफाट्याच्या वळणावर फुटली,
ड्रायव्हरनं मान खाली घालून कबूल केलं.
राहिली एक.
"एक चालते," मॅडम म्हणतात,
आणि सगळे चहाला जातात.

ती माझ्या पिशवीतून गेली होती,
लेबल थोडं वाकडं लागलं म्हणून,
दिघ्याला, नणंदेकडे.
पाचवा महिना, तोंडाला चव नाही म्हणत होती.

रात्री विचारलं, "चटणी कशी आहे गं?"
"बोटं घालून संपवली. का?"
"काही नाही."

सकाळी सगळ्यांच्या आधी आले.
दुकानांच्या यादीखाली, माझ्याच अक्षरात,
तिचं नाव लिहिलं.
आणि फोन नंबर.