ट्रायल

राजारामपुरी, सहावी गल्ली.
काउंटरवर तीन कॅमेरे, साबणाच्या वड्यांएवढे.
मी एकेक पर्समध्ये घालून बघते,
मग स्वेटरच्या खिशात.
स्पितीत हातमोजे घालून बटण दाबेल का, विचारते.
"खटक्यावर बोट ठेवा ताई, बाकी त्यो बघतोय की,"
इनामदार म्हणतो. "आणि झूम असला,
टेंबलाईवरनं रंकाळ्याच्या म्हशी मोजा."

म्हशी मला रोजच मोजता येतात.
मला हवंय अंधारातलं, फ्लॅश न मारता,
पहाटे साडेचारला डोळ्यांना दिसतं तेवढंच.
"मग हा मधला. ह्यात रवा कमी पडतोय."

"मारून बघा एक."
दारात आप्पा.
चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली,
पाठीमागं गुळाचा टेम्पो अडकलेला.
"मी कुठं येतोय, गुडघे चढणार हाईत व्हय?"
हे त्यांचं घरातनं निघतानाच म्हणून झालंय.
दाबलं.
हलला. आप्पांना दोन कान जास्तीचे.

साडेबारा हजार मोजले.
इनामदार कार्ड पुसायला लागला.
"राहू दे."
"हललाय की ओ."
"राहू दे."

रिक्षात खोका मांडीवर.
आप्पा विचारत होते,
चार्जरचे वेगळे लावले काय त्यानं.